लाल वर्तुळाची साक्ष

ज्या समाजाला स्वतःच्या पराक्रमाची छायाचित्रे ओळखता येत नाहीत, त्याच्या पराक्रमाविषयी उद्या कोणीही काहीही लिहावे आणि त्याने ते मुकाट्याने वाचावे, अशी वेळ त्याच्यावर येते. मराठवाड्यावर ती वेळ येऊ घातली आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड आणि लातूरच्या चौकाचौकांत फलक उभे राहतात, शाळांतून प्रदर्शने भरतात, स्मरणिका निघतात. २०२३ साली मुक्तीच्या अमृतमहोत्सवी वर्षाची सांगता झाली, तेव्हा तर या चित्रांना पूर आला होता. या चित्रांत एक विमान हमखास असते. ते असणे योग्यच आहे; कारण सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय वायुसेनेची विमाने या प्रदेशाच्या आकाशात आली आणि निजामी राजवटीचे दिवस भरले हे गावोगावच्या लोकांना कळून चुकले. प्रश्न एवढाच की, चित्रातले ते विमान कोणाचे?

पंखांवर आणि कुशीवर गडद, भरीव वर्तुळ असलेले विमान हैदराबाद मुक्तीचे दृश्य म्हणून छापलेले मी पाहिले आहे. ते वर्तुळ म्हणजे जपानचे ‘हिनोमारू’, उगवत्या सूर्याची खूण. १९४५ साली शरण गेलेल्या राष्ट्राचे युद्धविमान १९४८ साली हैदराबाद संस्थानावर कसे उडाले, हा प्रश्न चित्र निवडणाऱ्याला पडला नाही, छापणाऱ्याला पडला नाही आणि बघणाऱ्या शेकडो सुशिक्षितांनाही पडला नाही. कोणी लक्षात आणून दिलेच, तर उत्तर ठरलेले असते : “भावना महत्त्वाची. विमान कोणते आहे याने काय फरक पडतो?”

फरक पडतो. फार मोठा फरक पडतो. आणि हे उत्तर देणारी माणसे परकी नसून आपलीच आहेत, म्हणूनच या विषयावर स्पष्ट बोलणे आवश्यक झाले आहे. आपला इतिहास विकृत केला गेला, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत आणि तिच्यात तथ्य आहे. परंतु दुसऱ्याने केलेल्या विकृतीवर बोट ठेवणाऱ्याचा स्वतःचा हात स्वच्छ असावा लागतो. आपल्या फलकावरचे एक खोटे चित्र आपल्या शंभर खऱ्या विधानांची किंमत कमी करते. विरोधकाला मग आपला युक्तिवाद खोडण्याचे श्रम घ्यावे लागत नाहीत. तो केवळ त्या चित्राकडे बोट दाखवतो आणि हसतो.

खूण म्हणजे सही

युद्धविमानावरची खूण ही सजावट नव्हे. ती त्या विमानाची सही आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिशांनी आपल्या विमानांवर युनियन जॅक रंगवला. परंतु दुरून पाहता त्यातला क्रॉस जर्मन क्रॉससारखा दिसू लागला आणि जमिनीवरून आपलेच लोक आपल्याच विमानांवर गोळ्या झाडू लागले. तेव्हा त्यांनी फ्रेंचांच्या वर्तुळाकार खुणेचा आदर्श घेऊन रंगांचा क्रम उलटा केला. खूण ओळखण्यातली चूक माणसांच्या जिवावर बेतते, हे तेव्हापासून जगाला माहीत आहे. आपल्याकडे ती चूक कोणाच्या जिवावर बेतत नाही, म्हणून ती चूकच नाही असे आपण समजून बसलो आहोत.

जपानी विमान ओळखण्याची रीत अवघड नाही. पंखांच्या वरच्या आणि खालच्या बाजूला भरीव लाल वर्तुळ असे. नौदलाच्या विमानांवर ते धडाच्या दोन्ही कुशींवरही असे. भूसेनेच्या बहुतेक विमानांवर मात्र युद्धाच्या आरंभी कुशीवरचे वर्तुळ नव्हते, ते पुढे आले. विमानाला गडद हिरवा रंग दिलेला असेल, तर वर्तुळाभोवती बहुधा पांढरी कड काढत. धडाच्या मागच्या भागावर पांढरा उभा पट्टा दिसला, तर ते भूसेनेचे आघाडीवरचे विमान असण्याचा संभव मोठा. जपानच्या मुख्य भूमीच्या रक्षणासाठी असलेल्या विमानांवर लाल वर्तुळाच्या मागे पांढरा चौकोन काढलेला आढळतो. शेपटीकडे पाहिले की आणखी उलगडा होतो. नौदलाच्या शेपटीवर दलाचा संकेत आणि विमानाचा क्रमांक, मध्ये आडवी रेघ; भूसेनेच्या शेपटीवर त्या त्या दलाचे रेखाटलेले चिन्ह. आणि सूर्याभोवती सोळा किरण काढलेले विमान दिसले, तर ते चित्रकाराच्या कल्पनेतून उतरले आहे असे समजावे. किरणांचा सूर्य ध्वजावर असे, विमानाच्या पंखावर नव्हे.

खुणेबरोबर विमानाची घडणही पाहावी लागते, कारण खूण फसवूही शकते. जपान्यांनी सिंगापूर व जावा येथे हाती लागलेल्या ब्रिटिश विमानांवर लाल वर्तुळ रंगवून ती उडवून पाहिली. उलट युद्ध संपल्यावर मलायात ब्रिटिशांनी जपानी विमानांवर आपली खूण रंगवून त्यांच्या चाचण्या घेतल्या. १९७० च्या ‘तोरा! तोरा! तोरा!’ या चित्रपटात जपानी विमाने म्हणून जी उडाली, त्यांतली अनेक मुळात अमेरिकी बनावटीची प्रशिक्षण विमाने होती. त्या चित्रपटातली दृश्ये आज भ्रमणध्वनीवर अस्सल युद्धचित्रे म्हणून फिरतात. लाल वर्तुळ दिसले की जपानी, एवढ्यावर थांबणाराही त्यामुळे फसू शकतो.

कृष्णधवल छायाचित्रात आणखी एक अडचण येते. त्या काळातल्या काही फिल्मांना लाल प्रकाश जाणवतच नसे. अशा फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटतो, पिवळा गडद होतो आणि निळा मात्र फिका दिसतो. दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर हेच रंग वेगळ्या छटांत येतात. म्हणजे छायाचित्रातला गडद ठिपका पाहून ‘हा लाल’ आणि फिका पाहून ‘हा पांढरा’ असे ठामपणे म्हणणे धोक्याचे असते. आता तर संगणकाकडून जुन्या चित्रांत रंग भरून घेण्याची हौस घरोघरी पोचली आहे. संगणक अंदाज करतो. त्याला इतिहास ठाऊक नसतो. त्याने राखाडी वर्तुळाला लाल केले की भारतीय वैमानिकाचे विमान क्षणात जपानी होते, आणि ते रंगीत चित्र मूळ चित्रापेक्षा अधिक खरे वाटते! ज्या लातूरच्या अभ्यासपद्धतीचा लौकिक महाराष्ट्रभर आहे, तिथली मुले वर्णपट आणि तरंगलांबी यांची गणिते चुटकीसरशी सोडवतात. तेच प्रकाशशास्त्र आपल्या आजोबांच्या काळाचे छायाचित्र वाचायला उपयोगी पडते, हे त्यांना कोणी सांगायचे?

आपल्या विमानांवरचा लाल रंग कुठे गेला?

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण आपल्या घरांतून तिचा उल्लेखही होत नाही. जपानच्या लाल वर्तुळाने भारतीय वैमानिकाच्या विमानावरचा लाल रंग पुसला.

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी भारतीय वायुसेनेची विमाने ब्रिटिशांचीच खूण वापरत : बाहेर निळे, मध्ये पांढरे, केंद्रस्थानी लाल. जपान युद्धात उतरला आणि ब्रह्मदेशाच्या आकाशात गोंधळ सुरू झाला. वेगाने जाणाऱ्या विमानावरचा तो लाल केंद्रबिंदू दुरून जपानी सूर्यासारखा भासे. म्हणून १९४२ पासून या आघाडीवरच्या विमानांवरचा लाल रंग झाकण्यात आला आणि पुढे गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा केंद्रबिंदू अशी लहान खूण रूढ झाली. अमेरिकेनेही त्याच वर्षी आपल्या पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका काढून टाकला. त्यामुळे ब्रह्मदेश आघाडीवरच्या छायाचित्रात लाल केंद्र आहे की नाही, एवढ्यावरून त्याचा काळ पुष्कळदा ठरवता येतो.

त्या लाल खुणेच्या काळात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या स्क्वाड्रनच्या वैमानिकांनी लायसँडर जातीची विमाने घेऊन जपानी तळांवर हल्ले चढवले. लायसँडर हे हेरगिरीचे आणि निरोप्याचे विमान; त्याला बॉम्ब बांधून आपल्या तरुणांनी ते बॉम्बफेकी केले. निळ्या खुणेच्या काळात, १९४४ साली, इंफाळच्या रणधुमाळीत अर्जनसिंग यांनी त्याच स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. हेच अर्जनसिंग पुढे १९६५ च्या युद्धात आपले वायुसेनाध्यक्ष होते. त्यांच्या हरिकेन विमानाचे छायाचित्र ‘ब्रिटिश विमान’ म्हणून छापले जाते, तेव्हा आपण आपल्याच माणसाला परका ठरवतो.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी युद्धकाळात हिंदू तरुणांना सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले होते, हे वाचकांना ठाऊक आहेच. शस्त्र कोणाचे आहे यापेक्षा ते चालवण्याची विद्या कोणाच्या हाती येते, हा त्यांचा विचार होता. निळ्या वर्तुळाच्या विमानात बसलेले भारतीय तरुण ही त्या विद्येची पहिली पिढी. १९४८ साली त्यांच्यातलेच अनेक जण स्वतंत्र भारताच्या वायुसेनेत होते. या सलगतेचा पुरावा छायाचित्रांत आहे. तो वाचता आला नाही, तर अभिमान कशाचा बाळगायचा?

‘हैदराबाद’ हे नाव, पण विमान कोणाचे?

मराठवाड्याशी याहून जवळचा संबंध असलेले एक प्रकरण आहे. १९१८ साली ब्रिटिशांच्या ११०व्या स्क्वाड्रनची विमाने निजामाने दिलेल्या देणगीतून घेण्यात आली आणि प्रत्येक विमानावर तसा मजकूर रंगवण्यात आला. स्क्वाड्रनला हैदराबादचे नाव मिळाले. त्यांतले एक विमान, ‘हैदराबाद क्रमांक १२ ए’, ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागले, अनेक देश फिरले आणि आज लंडनच्या ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात उभे आहे. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ या आणखी दोन स्क्वाड्रनांशी हैदराबादचे नाव जोडले गेले. १५२व्या स्क्वाड्रनच्या मानचिन्हावर चक्क निजामाचे शिरोभूषण होते आणि ब्रीदवाक्य होते ‘विश्वासू मित्र’. ब्रिटिशांनी निजामाला दिलेली पदवीच ती!

हे १५२वे स्क्वाड्रन पुढे ब्रह्मदेश आघाडीवर आले. त्याच्या स्पिटफायर विमानांवर ‘यूएम’ ही संकेताक्षरे आणि झेप घेणारा काळा चित्ता रंगवलेला असे. ११०वे स्क्वाड्रनही त्याच आघाडीवर जपान्यांवर बॉम्ब टाकत होते. म्हणजे एका बाजूला लाल सूर्य आणि दुसऱ्या बाजूला हैदराबादचे नाव, असा सामना ब्रह्मदेशाच्या आकाशात झाला. निजामाच्या तिजोरीत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतल्या कुणब्याचा शेतसाराही जमा होत असे. त्या कुणब्याच्या गावात शाळा नव्हती, त्याच्या भाषेला राज्यकारभारात स्थान नव्हते. आणि त्याच्या घामाच्या पैशाचा वाटा परक्या साम्राज्याच्या विमानांत गेला होता.

अशा विमानाचे छायाचित्र दोन प्रकारच्या लोकांच्या हाती लागते. एक जण त्याला ‘निजामाचे हवाई दल’ म्हणतो आणि निजामाच्या आधुनिक दृष्टीचे गोडवे गातो. दुसरा ‘हैदराबाद’ हे नाव पाहून त्याला १९४८ च्या कारवाईतले विमान ठरवतो. दोघेही चुकतात. विमानावरची ब्रिटिश खूण, संकेताक्षरे आणि चित्ता या तिन्ही गोष्टी स्पष्ट सांगतात की हे ब्रिटिश हवाई दलाचे विमान आहे, देणगीदाराचे नाव तेवढे निजामाचे. हे सांगण्यासाठी कोणत्याही विचारसरणीची गरज नाही. केवळ डोळे उघडे हवेत. आणि डोळे उघडे ठेवले, तर निजामाच्या ‘विश्वासू’पणाचा पुरावा याहून ठसठशीत दुसरा कोणता मिळणार?

१९४८ चे आकाश

आता मुक्तिदिनाच्या चित्राकडे येऊ. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने संस्थानात शिरले. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून राजेश्वरकडे निघालेल्या तुकडीच्या वाटेवर शत्रूचे मोर्चे असल्याचे हवाई पाहणीत दिसले, तेव्हा टेम्पेस्ट विमानांनी हल्ला करून तो मार्ग मोकळा केला. आजच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला हा टापू आहे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते, आणि बीदरच्या विमानतळावरही वायुसेनेने बॉम्बहल्ला केला. कारण उघड होते. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून रात्रीच्या अंधारात निजामासाठी शस्त्रे आणून बीदर आणि वरंगळ येथे उतरवत होता. दैवाचा खेळ असा की, महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिशांच्या हवाई छायाचित्रणाचा पाया घालणाऱ्यांत हाच माणूस अग्रभागी होता. आकाशातून काढलेल्या छायाचित्राचे मोल ज्याने जगाला शिकवले, त्याची विमाने आमच्या शिवारावरून चोरट्या वाटेने गेली. आणि आम्हाला मात्र छायाचित्राचे मोल अजून कळत नाही!

या कारवाईला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ असे सौम्य नाव देण्यात आले आणि ते पाठ्यपुस्तकांतून रुळले. हे नाव किती अपुरे आहे, हे टेम्पेस्टचे एक अस्सल छायाचित्र दहा भाषणांपेक्षा चांगले सांगते. पोलीस लढाऊ विमानांनी बॉम्ब टाकत नाहीत. परंतु त्या जागी आपण जपानी विमान छापले, की आपला सर्वांत बळकट पुरावा आपणच नाहीसा केला असे होते.

घोटाळा कसा होतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. आपल्या वायुसेनेचे टेम्पेस्ट आणि जपानचे झीरो ही दोन्ही एका इंजिनाची, गोल नाकाडाची विमाने. अंधुक चित्रात ती सारखी भासू शकतात. पण टेम्पेस्टच्या पंख्याला चार पाती असतात, झीरोच्या पंख्याला तीन. शाळकरी मुलालाही मोजता येतील! खुणेचे म्हणाल, तर स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर अशोकचक्राची खूण होती. केंद्रस्थानी हिरवे, मग पांढरे आणि बाहेर केशरी ही आजची तिरंगी खूण प्रजासत्ताकाच्या काळातली. तेव्हा मुक्तिदिनाच्या चित्रातले विमान ठळक तिरंगी वर्तुळाचे असेल, तर ते नंतरच्या वर्षांतले असण्याची शंका घ्यावी. विमान जेट असेल, तर शंकेलाही जागा नाही. आपली पहिली जेट विमाने नोव्हेंबर १९४८ मध्ये आली, तेव्हा मुक्तीला दीड महिना उलटून गेला होता.

विमानतळावरचे आणखी एक चित्र दरवर्षी फलकांवर झळकते. सरदार पटेलांसमोर हात जोडून उभा असलेला निजाम. त्याखाली हमखास मथळा असतो, ‘निजामाची शरणागती, १७ सप्टेंबर १९४८’. वस्तुतः सरदार हैदराबादला आले ते फेब्रुवारी १९४९ मध्ये, आणि निजाम बेगमपेठ विमानतळावर त्यांच्या स्वागताला गेला होता. १८ सप्टेंबर १९४८ ला शरणागती पत्करली ती निजामाच्या फौजेचा सेनापती एल् इद्रूस याने, मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे. खरी हकिगत सांगितल्याने सरदारांचे मोठेपण कमी होते का? उलट ते वाढते. ज्याने दिल्लीचा शब्द वर्षभर झुलवत ठेवला, तो अवघ्या पाच महिन्यांत स्वतःहून विमानतळावर येऊन हात जोडतो, ही सरदारांच्या मुत्सद्देगिरीची साक्ष आहे. खोट्या मथळ्याची तिला गरज नाही.

नेताजींचे अखेरचे विमान

लाल वर्तुळाचा विषय निघाला की मन साहजिकच नेताजींकडे जाते. १७ ऑगस्ट १९४५ ला नेताजी सायगावहून जपानी विमानाने निघाले, रात्री तुरान येथे थांबले आणि १८ तारखेला तैहोकू येथे त्या विमानाला अपघात झाला, असे सरकारी निवेदन. १९५६ च्या शाहनवाज समितीने आणि नंतरच्या खोसला आयोगाने ते मान्य केले. न्यायमूर्ती मुखर्जी आयोगाने २००५ साली दिलेल्या अहवालात ते अमान्य केले. त्या दिवशी तैहोकूला अपघात झाल्याची नोंद नसल्याचे तैवानच्या बाजूने कळवण्यात आले होते. तत्कालीन केंद्र सरकारने २००६ साली तो अहवाल फेटाळला. २०१६ पासून केंद्राकडील कागदपत्रे जनतेसाठी खुली होऊ लागली. वाचकांची मते काहीही असोत, हा प्रश्न राष्ट्राच्या अंतःकरणाला भिडलेला आहे.

म्हणूनच या प्रश्नावर फिरणाऱ्या चित्रांबाबत कमालीची कठोरता हवी. सरकारी निवेदनानुसार ते विमान जपानी भूसेनेचे, ‘९७ नमुन्याचे जड बॉम्बफेकी’, दोन इंजिनांचे होते. ते भूसेनेचे असेल, तर त्याच्या शेपटीवर नौदलाचा संकेत आणि रेघेने तोडलेला क्रमांक असणार नाही. कोणी तसा क्रमांक असलेले विमान ‘नेताजींचे अखेरचे विमान’ म्हणून दाखवले, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. तसेच ऑगस्ट १९४५ मधली पांढऱ्या रंगाची, हिरवा क्रॉस काढलेली जपानी विमाने अनेक छायाचित्रांत दिसतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रे १९ ऑगस्टची, शरणागतीच्या वाटाघाटींसाठी इए शिमा बेटावर उतरलेल्या शिष्टमंडळाच्या विमानांची आहेत. अमेरिकी आज्ञेवरून लाल सूर्य पुसून त्यावर हिरवा क्रॉस आला होता. त्या चित्रांचा नेताजींशी संबंध नाही.

अपघात झाला असे मानणारा असो वा झाला नाही असे मानणारा, खोटे छायाचित्र दोघांनाही उपयोगाचे नाही. नेताजींविषयीचे सत्य दडवले गेले असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते, त्यांनी तर या बाबतीत सर्वांत दक्ष असायला हवे. कारण सत्याची मागणी करणाऱ्याच्या हातात असत्य सापडले, की मागणीच मरते.

कटू, पण आपले

आणि एक अप्रिय गोष्ट. लाल वर्तुळाकडे नेताजींच्या मित्राची खूण म्हणून पाहण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. नेताजी २९ डिसेंबर १९४३ ला विमानाने पोर्ट ब्लेअरला उतरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तेथे तिरंगा फडकावला, हा सोन्याचा दिवस. परंतु त्यानंतर एकाच महिन्याने, ३० जानेवारी १९४४ ला, त्याच अंदमानात होम्फ्रेगंज येथे जपान्यांनी ४४ निरपराध भारतीयांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घातल्या. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले, तेही लाल वर्तुळाच्या विमानांतूनच. नेताजींनी जपानची मदत घेतली ती भारतासाठी. जपानने ती दिली ती जपानसाठी. ही जाण नेताजींना स्वतःला होती, मग त्यांच्या भक्तांनी ती का सोडावी?

एकाच लाल वर्तुळाविरुद्ध अर्जनसिंग लढले आणि त्याच लाल वर्तुळाच्या विमानातून नेताजी गेले. दोघेही आपले. या दोन सत्यांना एकत्र पेलण्याइतके मोठे मन राष्ट्रभक्ताजवळ असले पाहिजे. ज्याला सोयीचे तेवढेच चित्र हवे असते, त्याला इतिहास नको असतो. त्याला भिंतीवरची शोभा हवी असते.

करावयाचे काम

तक्रार करून थांबणे आपल्या परंपरेत बसत नाही. काम सोपे आहे आणि आपल्या हातातले आहे. येत्या १७ सप्टेंबरला जी मंडळे, शाळा आणि शाखा प्रदर्शन भरवतील, त्यांनी प्रत्येक चित्राखाली चार ओळी लिहाव्यात : चित्र कोठून मिळाले, कधीचे मानले जाते, त्यातले विमान वा व्यक्ती कशावरून ओळखली, आणि खात्री नसेल तर तसे स्पष्ट शब्दांत. ‘अनिश्चित’ हा शब्द लिहिण्यात कमीपणा नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ मुक्तिसंग्रामाच्या सेनानीचे नाव धारण करते. त्याच्या आणि त्याच्या लातूर उपकेंद्राच्या इतिहास विभागांनी मुक्तिसंग्रामाची तपासलेली चित्रसूची सिद्ध करून ती शाळांना द्यावी, अशी मागणी जाणत्या नागरिकांनी लेखी करावी. विद्यार्थ्यांना पाती मोजायला, खूण वाचायला, चित्र उलटे छापले गेले आहे का हे त्यातल्या अक्षरांवरून ताडायला शिकवावे. युद्धकाळात नियंत्रकांनी अनेक चित्रांतले शेपटीचे क्रमांक खरवडून टाकले होते. कोरी शेपूट दिसली तर तीही एक नोंदच आहे.

आणि घरोघरी एक काम. जुन्या पेटाऱ्यांत, पोथ्यांच्या फडताळांत, देवघराच्या मागे त्या काळातली छायाचित्रे पडून आहेत. १९४८ पाहिलेली पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. तिला विचारून प्रत्येक चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवावे. पेनाची शाई झिरपून चित्र खराब होते, म्हणून पेन्सिलच. चित्रावर संगणकाने रंग चढवायचे असतील, तर मूळ प्रत जपून ठेवावी आणि रंगीत प्रतीवर तसे ठळक नमूद करावे.

रझाकारांच्या काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी जिवावर उदार होऊन सत्याची बाजू धरली. आपल्याकडून कोणी जीव मागत नाही. विमानाच्या पंखावरची एक खूण नीट पाहावी आणि मगच तिच्याखाली मथळा लिहावा, एवढेच मागणे आहे. तेवढेही आपल्याच्याने होणार नसेल, तर त्यांच्या बलिदानावर भाषणे करण्याचा अधिकार आपण कोणत्या तोंडाने सांगणार?